पाल्याचा चहा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा माझ्या लक्षात आली होती. इतिहासाच्या शिक्षिकेने शाळेचा इतिहास लिहावा, पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास मांडावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु तो प्रवास या अंकात माझ्याहून जुन्या सहकाऱ्यांनी लिहिला आहे आणि तो त्यांनीच लिहावा. मी ज्या विषयावर लिहिते आहे तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभा आहे. तेथे पेरूची झाडे आहेत, कुंपणालगत कागदी लिंबू आहे आणि ओढ्याच्या काठाने जांभळे आहेत. या झाडांच्या पानांपासून आपल्याकडे जे पेय होते, त्याला मुले ‘पाल्याचा चहा’ म्हणतात. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना त्याचा वास अजून आठवत असेल, काहींना त्याचा तुरटपणा आठवून तोंड वाकडे करावेसे वाटेल. दोन्ही पक्षांना जय भीम.

त्याला चहा म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. चहा हे एका विशिष्ट झाडाचे नाव आहे, आणि तो शब्दही चिनी भाषेतून आपल्याकडे आला. आसामात या झाडाची लागवड करण्यासाठी १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. पुढे त्या मळ्यांत राबण्यासाठी छोटा नागपूर, ओरिसा आणि दक्षिणेकडच्या गरीब जमातींना करारात बांधून नेण्यात आले. त्या करारातून पळालेल्या मजुराला कायदाच शिक्षा करीत असे. चहा भारतात पिकू लागला तरी भारतीय माणूस तो लगेच पिऊ लागला नाही. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर, बाजारांत, कारखान्यांत चहा कसा करावा हे लोकांना शिकविण्यात आले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला चहाची गोडी लागली ती अशी. नववीच्या वर्गात मी हा भाग सांगते तेव्हा मुलांना नवल वाटते. चहा आपल्या घरात अनादी काळापासून आहे, असे त्यांना वाटत असते.

आणि मग मी त्यांना पेरूबद्दल सांगते, तेव्हा दुसरे नवल. पेरूही आपला नव्हे. तो अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आलेला. आपल्या बालाघाटच्या डोंगरात रानोमाळ उगवणारे सीताफळही तिकडचेच. या तिघांत येथले म्हणावे असे एकटे जांभूळ. आपल्या देशाला जंबुद्वीप हे नाव मिळाले ते त्याच्यावरूनच. ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ या प्रश्नावर वर्गात एक तास चांगला रंगतो, एवढेच येथे सांगते.

आमच्या घरी मात्र त्या पेयाला चहा म्हणत नसत. माय नुसते ‘पाला’ म्हणे. ‘पाला उकळलाय, पी अन् जा साळंत.’ माझा जन्म १९६९ चा. १९७२ चा दुष्काळ मला आठवत नाही, पण तो आमच्या घरातल्या बोलण्यात इतका मुरलेला होता की आठवतो असेच वाटते. खडी फोडण्याचे काम, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, मुलांसाठी सुकडी. त्या वर्षी चहापत्ती आणि गूळ घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ओढ्याकाठच्या जांभळाची कोवळी पाने आणि कोणाच्या परसातली पेरूची पाने उकळून घरातली माणसे सकाळी पीत. दुष्काळ संपला तरी पाला पुष्कळ वर्षे राहिला. पाला तोडण्याचाही एक नियम होता. वाटेत शेतांच्या बांधांवर जांभळे होती, तरी माय ओढ्यापर्यंत चालत जाई. मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘बांधावरच्या झाडाला धनी असतो, वढ्याच्या झाडाला नसतो.’ पुढे एम.ए. करताना दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांविषयी वाचले, गायरानाचा प्रश्न वाचला, तेव्हा मायच्या त्या एका वाक्याची पुन्हा पुन्हा आठवण येत होती. पाच पाने तोडण्यासाठीसुद्धा माणसाला जमिनीचा नकाशा पाठ असावा लागत होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली होती, तिचा अर्थ नंतर कळला. पाहुणा आला की माय पाला कधीच पुढे करीत नसे. मला मागच्या दाराने शेजारी पिटाळून चिमूटभर चहापत्ती आणि गूळ उसना आणवी. पाला घरच्यांसाठी, चहा पाहुण्यांसाठी. मला नोकरी लागल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि शेवटपर्यंत दुधाचा, साखरेचा, घट्ट चहा पीत राहिली. मी एकदा हौसेने पेरूची पाने उकळून तिला दिली. तिने पेला हातात घेतला, वास घेतला आणि परत माझ्याकडे दिला. ‘आता कशाला?’ एवढेच म्हणाली. पोट बिघडले तरच ती पेरूचा पाला मागे. तेव्हा तो तिच्या दृष्टीने औषध होता.

आपल्या शाळेत हा पाला आला तो पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एका पावसाळ्यात. वसतिगृहात बऱ्याच मुलांची पोटे बिघडली होती. डॉक्टर येऊन गेले, मीठ-साखरेचे पाणी सुरू झाले. स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, ‘बाई, पेरूचा पाला उकळून देऊ का? कोणी हसंल म्हणून विचारते.’ त्यांचे ‘कोणी हसंल’ हे शब्द मला लागले. डॉक्टरांना विचारले, त्यांनी हरकत घेतली नाही, औषध मात्र बंद करायचे नाही असे बजावले. त्या दिवसापासून मावशी गुरू आणि आम्ही शिष्य.

मावशींकडून आणि पुढे स्वतः करून पाहून जे शिकले ते सविस्तर लिहिते, कारण दर वर्षी कोणीतरी माजी विद्यार्थिनी फोन करून हेच विचारते. पेरूचे पान फार कोवळे घेऊ नये आणि जून तर नकोच. शेंड्याची तांबूस, लुसलुशीत पाने सोडून त्याखालची तिसरी-चौथी जोडी घ्यावी. बोटांत चुरगाळल्यावर पेरूचा वास आला पाहिजे. दव वाळल्यावर, पण ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. एका फांदीवरची सगळी ओरबाडू नयेत. झाडाने पान आपल्यासाठी काढलेले नसते. रस्त्याकडेच्या झाडाची पाने धूळ-धुरामुळे नकोत. बागेतल्या फवारलेल्या झाडाची तर अजिबात नकोत, आणि फवारले आहे की नाही हे झाडाकडे पाहून कळत नाही, मालकाला विचारावे लागते. पांढरे ठिपके, जाळी, कीड असलेली पाने वगळावीत. तीन पाण्यांनी धुवावीत, सुती कापडावर निथळू द्यावीत.

ताजी पाने वापरायची तर एका पेल्याला चार-पाच पुरतात. दीड पेला पाणी, पाने हाताने फाडून घालायची, पाण्याला उकळी आली की आच मंद करायची आणि पाणी पेलाभर होईपर्यंत ठेवायचे. मग खाली उतरवून झाकण. रंग फिकट तांबूस येतो. लिंबाचे पान घालायचे असेल तर ते उकळत्या पाण्यात घालू नये, वास उडून जातो आणि कडूपणा उरतो. उतरवल्यावर एक-दोन पाने टाकून झाकावे, पाच मिनिटांनी गाळावे. जांभळाची पाने थोडीच, नाहीतर जीभ आकसते. मावशींचे प्रमाण पेरू दोन वाटे, जांभूळ अर्धा वाटा, असल्यास गवती चहाची एखादी पात. आंब्याची कोवळी पालवी वसंतात मुलांनी घालून पाहिली होती. तिला छान आंबूस वास येतो, पण मला ती कैरीच्या दिवसांत झाडावरच बरी वाटते.

वाळवण्याचे काम जास्त निगुतीचे आहे. पाला उन्हात टाकला की वास जातो, रंग जातो. आपण तो वर्गखोल्यांच्या मागच्या व्हरांड्यात जुन्या सुती साड्यांवर एकेरी पसरतो. रोज सकाळी मुले हाताने खाली-वर करतात. हवा कोरडी असेल तर चार-पाच दिवसांत पान मुठीत दाबले की कुरकुरते. पावसाळ्यात या उद्योगाला लागूच नये, बुरशी धरते आणि बुरशी धरलेला पाला निवडून वापरायचा नसतो, सगळा फेकायचा असतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या मुलांनी एक प्रयोग केला. चहाच्या कारखान्यात पान कोमेजवतात, मळतात, हवेत ठेवतात, मग वाळवतात, हे त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांकडून ऐकले होते. त्यांनी पेरूची पाने रात्रभर कोमेजू दिली, तळहातांत चोळून वळकट्या केल्या, ओल्या फडक्याखाली काही तास झाकल्या आणि मग वाळवल्या. पाने तपकिरी झाली, कच्चट हिरवा वास गेला, काढ्याचा रंग गडद झाला. आता निम्मा पाला आपण असाच करतो. काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, अंधाऱ्या फडताळात तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. पेल्याला चहाचा एक चमचा. वसतिगृहाच्या पातेल्यात पाच लिटर पाण्याला तीन मुठी.

काही इशारे द्यायलाच हवेत. फळझाडाचे पान म्हणून कोणतेही पान उकळू नये. सीताफळाचे फळ कितीही गोड असले तरी त्याचा पाला आणि बी पोटात घ्यायची नाही. बियांची पूड आपल्या आयाबाया उवा मारायला वापरीत आणि ती डोळ्यांत जाऊ नये म्हणून किती जपत, हे आठवावे. कण्हेरीजवळच्या झाडाचा पाला लहान मुलांना तोडायला लावू नये, हातात काय आले ते त्यांना कळत नाही. तुरटपणा असलेली सगळी पेये, साधा चहासुद्धा, अन्नातले लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. आपल्या मुलींच्या रक्ताचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून जेवणाबरोबर, आणि दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी घेताना, पाला नाही; दोन तासांचे अंतर. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या पालकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पिऊ नये. पेरूच्या पानांचा चहा जपानमध्ये बाटलीत भरून विकला जातो, हे खरे आहे. म्हणून तो सर्व रोगांवर उपाय आहे, असे जे ऐकायला मिळते, त्यावर आपण विश्वास ठेवण्याचे कारण नाही. चिकित्सा न करता मानू नका, ही शिकवण आपण विहारात ऐकतो, ती काढ्यालाही लागू आहे.

विहारावरून आठवले. एका वर्षावासात आपल्याकडे मुक्कामी असलेल्या भन्तेजींना संध्याकाळी हा पाला दिला, तेव्हा त्यांनी महावग्गातील भेसज्जक्खन्धक वाचा, असे मला सांगितले. मी इतिहासाची असूनही विनयपिटक तोवर राजकीय-सामाजिक संदर्भांपुरतेच चाळले होते. भिक्षूंना मध्यान्हानंतर भोजन नाही. मग तहान लागली तर काय प्यावे? अंगुत्तराप देशातील आपण या गावी केणिय नावाच्या जटिल तापसाने भगवान बुद्धांसाठी पेये तयार करून आणली. त्या प्रसंगी आठ प्रकारच्या पेयांना अनुमती दिली गेली, आणि त्या यादीत आंबा आहे, जांभूळ आहे, केळी, द्राक्षे, फालसा आहेत. पुढे ती अनुमती व्यापक झाली: धान्याचा रस सोडून सर्व फळांचे रस, शिजवलेल्या भाजीचा रस सोडून सर्व पानांचे रस, मोहाच्या फुलांचा रस सोडून सर्व फुलांचे रस. त्याच खंडात औषधी पानांची वेगळी नोंद आहे: कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस, कापूस. मला त्या यादीतले नेमके अपवाद फार आवडले. धान्याचा रस पेय न राहता अन्न होतो, मोहाच्या फुलाचे काय होते ते कोणालाही सांगायला नको. नियम करणाऱ्याने स्वयंपाकघर पाहिलेले आहे. मावशींना हे वाचून दाखवले. ‘म्हणजे आपलं हे लई जुनं हाय,’ त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या ‘कोणी हसंल’ असे कधी म्हणाल्या नाहीत.

पण हसण्यापेक्षा अवघड प्रसंग पुढे आला. जूनमधील पालक मेळाव्यात आम्ही सर्वांना पाल्याचा चहा दिला. आपले बरेचसे पालक ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीनंतर उचल घेऊन कोयत्यावर जातात, उन्हाळ्यात परततात. त्यांपैकी एका गृहस्थांनी पेल्यातला एक घोट घेतला आणि पेला बाकावर ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘बाई, आमच्या बापानं हाटेलातल्या कपासाठी मार खाल्ला. अन् तुम्ही आमच्या लेकरांना पाला पाजता व्हय?’

सभागृहात माझ्या पिढीची जी माणसे होती त्यांना याचा संदर्भ सांगावा लागला नाही. तरुण वाचकांसाठी लिहिते. गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळी कपबशी असे. कान तुटलेली, छपराच्या वळचणीला खोचलेली. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर तो कप आपणच विसळून पुन्हा वळचणीला ठेवायचा, पैसे मात्र इतरांइतकेच द्यायचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगीच नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात उपाहारगृह हा शब्द कशाला, असे मुले विचारतात. चहाच्या कपासाठी, असे मी सांगते. ते लिहिले गेल्यावरही वळचणीचा कप पुष्कळ गावांत पुष्कळ वर्षे होता. आमच्या गावी तरुणांनी तो एके दिवशी चौकात फोडला, आणि त्यानंतर काही महिने हॉटेलच बंद राहिले.

त्या गृहस्थांचा प्रश्न म्हणून खरा होता. त्यांच्या लेखी दुधाचा चहा हा केवळ चहा नव्हता, आणि पाला म्हणजे माझ्या मायने पाहुण्यांपासून लपवलेली वस्तू होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मावशींनी त्यांच्यासाठी आले घालून चहा केला. तो त्यांनी घेतला. मग मी त्यांना त्यांच्या मुलाची वही दाखवली. त्यात त्याने ओढ्यापासून शाळेपर्यंतच्या झाडांचा नकाशा काढला होता, प्रत्येक झाडाला नाव, पान केव्हा तोडावे, कोणते तोडू नये. ते बराच वेळ पाहत होते. ‘हे झाड आमच्याकडंबी हाय,’ असे एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले. पेला मात्र त्यांनी पुन्हा उचलला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

त्याच वर्षाअखेरीस खर्चाच्या बैठकीत एक सूचना आली. साखर, चहापत्ती आणि दूध यांचा खर्च वाढतो आहे. मुलांना पाल्याची सवय झालीच आहे, तर सकाळचा चहा बंद करून पालाच द्यावा. आरोग्यालाही चांगला. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हिशेब खरा होता. मी विरोध केला. मुलांचे दूध आणि सकाळचा चहा वसतिगृहाच्या भोजनपत्रिकेत आहे तो तसाच राहील. पाला केवळ रविवारी संध्याकाळी, ज्याला हवा त्याला, आणि शिकण्याचा विषय म्हणून. ज्या मुलाच्या घरी निवड नव्हती त्याला येथे तरी निवड हवी. आम्ही येथे पाला काटकसरीसाठी शिकवीत नाही, असे मी त्या बैठकीत बोलले, आणि तो मुद्दा बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतला. बैठक लांबली, काहींना माझे बोलणे कठोर वाटले असावे. ठराव झाला, आजही तो लागू आहे. पुढे येणाऱ्या समितीने तो बदलायचा असेल तर इतिवृत्ताची ती वही कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहे, आधी वाचावी.

मेळाव्यात आता दोन किटल्या असतात. पाल्याच्या किटलीवर मुलांनी कागद चिकटवलेला असतो, त्यावर कोणकोणती पाने आहेत ते लिहिलेले असते, म्हणजे कोणालाही न कळता पाला प्यावा लागत नाही. पहिल्या वर्षी ती किटली जवळपास भरलेली परत गेली. गेल्या वर्षी आधी ती संपली, याचे कारण थंडी होती की उत्सुकता, ते सांगता येत नाही. ज्यांनी पेला बाकावर ठेवला होता ते गृहस्थही दर वर्षी येतात, चहाच्या किटलीकडे जातात, जाताना झाडांकडे एक फेरी मारतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येताना जांभळाची चार रोपे आणली. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ती लावली आहेत. त्यांतली तीन जगली.

या महोत्सवासाठी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकरिता मुलांनी हिवाळ्यात बराच पाला वाळवून ठेवला आहे, निम्मा हिरवा, निम्मा तपकिरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घाम धरतो, म्हणून मावशी पिशवीत देणार नाहीत. येताना झाकणाची, कोरडी, काचेची बरणी आणावी.